श्वासाचं माप



आमच्या घरात सहलीचा विषय निघाला की दोन पक्ष पडतात. मुलगा आणि मुलगी डोंगराच्या बाजूने, मी आणि माझी पत्नी समुद्राच्या. गेल्या जूनमध्ये मुलांचा पक्ष जिंकला आणि आम्ही चौघं लडाखला गेलो. त्यातली एक रात्र पँगाँग सरोवराच्या काठी तंबूत काढायची होती. त्या एका रात्रीविषयीच आज तुमच्याशी बोलायचं आहे.

वाळवंट म्हटलं की आपल्याला ऊन, वाळू आणि उंट आठवतात. लडाखमध्ये वाळू आहे, नुब्राच्या खोऱ्यात दोन वशिंडांचे उंटही आहेत. पण हे वाळवंट थंड आणि फार उंचावरचं. पावसाळी ढग हिमालयाच्या दक्षिणेकडच्या उतारावरच रिते होतात. लेहला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. मी सोलापूरकडचा. आम्हाला दुष्काळी म्हणतात, पण आमच्या वाट्यालाही त्याच्या पाच पटींच्या आसपास पाऊस येतो. लडाखची शेती पिकते ती बर्फ वितळून येणाऱ्या पाण्यावर. गावोगावी पाण्याची पाळी ठरवणारा माणूस असतो, त्याला छुरपोन म्हणतात. कुणाच्या शेतात पाट किती वेळ वळवायचा, हे तो सांगतो. जुन्या घरांतले संडासही कोरडे. वरून माती टाकायची आणि पुढे त्याचं खत शेतात न्यायचं.

पाण्याचं हे माप मला समजत होतं. टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभा राहिलेला माणूस मी. हवेलाही माप असतं, हे मात्र ठाऊक नव्हतं.

उंचावर प्राणवायू कमी असतो असं आपण म्हणतो. खरं तर हवेतलं त्याचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं. हवाच विरळ होते. लेह सुमारे ११,५०० फुटांवर आहे आणि पँगाँग सुमारे १४,००० फुटांवर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे आपण श्वास पुरता घ्यायचा आणि पदरात पडायचा अर्ध्याहून थोडा अधिक. शरीर याच्याशी जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात. म्हणून जाणकार सांगतात की १०,००० फुटांच्या वर झोपण्याची जागा एका रात्रीत दीड हजार फुटांहून फार वाढवू नये.

मुलाने केलेल्या तक्त्यात लेहला दोन दिवस नुसती विश्रांती होती. पहिल्या दिवशी सगळ्यांना बरं वाटलं, म्हणून दुसरा दिवस कापला गेला. तो मीच कापला. तेवढ्यात आणखी एक ठिकाण बसत होतं ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी निघून, साडेसतरा हजार फुटांवरची चांग ला खिंड ओलांडून दुपारी आम्ही पँगाँगला पोचलो. निळं म्हणावं तर हिरवं, हिरवं म्हणावं तर जांभळं, असं ते पाणी. १३० किलोमीटरांहून लांब सरोवर, आणि पाणी खारवट, पिण्याच्या कामाचं नाही. तंबूंची व्यवस्था पाहणारा चाळिशीचा लडाखी गृहस्थ 'जुले' म्हणत सामोरा आला. एक बादली गरम पाणी चौघांत पुरवा, असं त्याने हात जोडून सांगितलं. मुलीने तोंड वाकडं केलं. मला मात्र तो माणूस आमच्याच गावचा वाटला.

रात्री वाऱ्याने तंबूचं कापड फडफडत होतं. पत्नी जेवली नव्हती. दुपारपासून तिचं डोकं ठणकत होतं, पण मुलांचा विरस नको म्हणून ती बोलली नाही. दहाच्या सुमारास उलटी झाली. मग ग्लानी आल्यासारखी तिला झोप लागली, आणि मी अंधारात तिचा श्वास ऐकत पडलो. श्वास चालायचा, हळू व्हायचा आणि थांबायचा. मी मनात मोजायचो, एक, दोन, तीन... दहापर्यंत. मग एकदम मोठा श्वास. पुन्हा तेच. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिच्या श्वासाकडे मी असं कधी लक्ष दिलं नव्हतं.

मी त्या गृहस्थाला उठवलं. त्याने तिला जागं करून टॉर्चच्या उजेडात टाचेला चवडा लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. ती चालली, तोल गेला नाही. बसल्या जागी धाप लागते का, खोकला आहे का, हेही त्याने विचारलं. तसं काही नव्हतं. तो म्हणाला, "आमा-ले अभी ठीक हैं. पर सुबह का इंतजार मत करो." त्याच्याकडे प्राणवायूचं नळकांडं होतं. ते गाडीत ठेवताना म्हणाला, "ये सिर्फ टाइम देता है. इलाज नीचे है."

पण खाली जायचं कुठे? लेहला उतरायचं तर आधी साडेतीन हजार फूट चढून चांग ला ओलांडायची! त्यापेक्षा खिंडीच्या अलीकडे, हजारेक फूट खाली असलेल्या तांगत्सेला जा, तिथे सरकारी आरोग्य केंद्र आहे, असं त्यानेच सुचवलं. मुलगा म्हणाला, "अब्बा, काळोखात या रस्त्यावर?" पत्नीचं वेगळंच. म्हणाली, "एवढे पैसे भरलेत. सकाळी सरोवर बघूनच निघू." त्या रात्री मी दोघांचंही ऐकलं नाही.

तांगत्सेला तिला प्राणवायू लावला, गोळ्या दिल्या. झोपेत श्वास असा थांबून थांबून चालणं उंचावर पुष्कळांना होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण डोकेदुखी आणि उलटी असताना वर थांबणं धोक्याचं. तुम्ही उतरलात ते बरं केलंत, असंही ते म्हणाले. पहाटे नमाजाची वेळ झाली. नळ कोरडा होता. जवळ एकच बाटली पाणी होतं आणि ते तिला घोट घोट द्यायचं होतं. अशा वेळी स्वच्छ मातीवर हात टेकवून तयम्मुम करण्याची मुभा आमच्या धर्मात आहे. लहानपणी मदरशात शिकलो होतो, करायची वेळ आली नव्हती. त्या गार मातीवर मी तळवे टेकवले. पिणाऱ्याचं पाणी आधी, हा हिशेब किती जुना आहे, हे तेव्हा कळलं.

नऊच्या सुमारास पत्नीने चहा मागितला. आमच्या घरात हा प्रकृतीचा दाखला समजतात. पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने चांग ला टाळून, श्योक नदीच्या काठाने आम्ही नुब्राकडे उतरलो. नुब्रा १०,००० फुटांच्या आसपास आहे. तिथे दोन दिवस काही न बघता नुसते बसलो. सहलीतले सगळ्यात चांगले दिवस तेच.

श्रोतेहो, लडाखला जरूर जा, तंबूतही राहा. पण लेहला दोन रात्री खरोखरच स्वस्थ बसा. आधी नुब्रात झोपा, मग पँगाँगला जा. डोकं दुखलं तर लपवू नका, आणि घरातल्या बाईला दोनदा विचारा, कारण पहिल्यांदा ती 'काही नाही' असंच सांगणार. दुखणं वाढलं तर सकाळची वाट न पाहता खाली उतरा. आणि बादली एकच मिळाली तर कुरकुर करू नका.

पँगाँगवरचा सूर्योदय आम्ही काही पाहिला नाही. पत्नी म्हणते, पुन्हा जाऊ. या वेळी तक्ता ती स्वतः करणार आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)