पायांची आग



आज मी तुमच्याशी पायांबद्दल बोलणार आहे. पाय हा आपला इमानी गडी. जन्मभर आपले ओझे वाहतो. पण त्याची विचारपूस आपण सर्वांत शेवटी करतो. तोंड आपण रोज आरशात पाहतो. तळपाय शेवटचा कधी पाहिला, ते सांगता येईल का कोणाला?

हसू नका. मधुमेह झालेल्या माणसाचा पाय राहतो की जातो, हे पुष्कळदा एवढ्याशा गोष्टीवर ठरते.

मधुमेह म्हणजे साखरेचा आजार. आपण त्याला नुसते 'शुगर' म्हणतो. हा शहरातल्या श्रीमंतांचा आजार, असे पूर्वी म्हणत. आता तसे राहिले नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असे त्यांत दिसले. त्यांत खेड्यातली माणसे पुष्कळ आहेत. मलाही हा आजार आहे. मी डॉक्टर नाही, मास्तर आहे. पण या आजाराबरोबर कसे राहायचे, ते शिकलो आहे. तेवढे सांगतो.

या आजारात पाय कसे दुखतात? दिवसभर कामाच्या नादात फारसे कळत नाही. रात्री अंथरुणावर अंग टाकले, की तळपायांची आग सुरू होते. मुंग्या येतात. सुया टोचल्यासारखे वाटते. मध्येच विजेचा झटका बसावा तशी कळ येते. कोणाला तर अंगावरच्या गोधडीचा स्पर्शही सोसवत नाही. आधी दोन्ही पायांची बोटे धरतात. मग दुखणे मोजा चढवावा तसे वर सरकते. पुढे हातांच्या बोटांतही येते.

घरचे म्हणतात, 'उष्णता झाली.' शेजारी म्हणतो, 'वात आहे.' पाय पाहावा, तर बाहेरून धडधाकट. सूज नाही, जखम नाही. मग घरच्यांना वाटते, म्हातारा उगाच कण्हतो. पण हे सोंग नव्हे. हे दुखणे खरे आहे. आपल्या जुन्या वैद्यांनाही ते ठाऊक होते. चरक आणि सुश्रुत यांच्या ग्रंथांत प्रमेहाची लक्षणे सांगताना हातापायांच्या तळव्यांची आग सांगितलेली आहे.

हे का होते, ते आता पाहू.

आपल्या अंगात रक्ताच्या शिरा आहेत. त्यांखेरीज बारीक तारांसारखे मज्जातंतू आहेत. टेलिफोनच्या तारेवरून निरोप जातो ना, तसा या तंतूंवरून निरोप जातो. पायाला काटा बोचला, की तंतू मेंदूला कळवतो, आणि आपण पाय उचलतो. रक्तात साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली, की हे तंतू खराब होतात. त्यांना पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्याही बिघडतात. सगळ्यांत लांब तंतू पायाच्या बोटांपर्यंत गेलेले असतात. म्हणून त्यांना आधी झळ लागते. पाटाला पाणी कमी आले, तर शेवटचे शेत आधी वाळते. तसेच हे आहे.

बिघडलेली तार खोटे निरोप पाठवते. विस्तव नसताना 'भाजले' म्हणते. सुई नसताना 'टोचले' म्हणते. हीच ती आग.

आता नीट ऐका. खरा धोका पुढे आहे.

कधी कधी ही आग आपोआप कमी होते. माणूस म्हणतो, 'बरे झाले, गुण आला.' औषधाने आणि साखर ताब्यात आल्याने कमी झाली, तर आनंद आहे. पण कधी कधी तार पार निकामी होते, म्हणून निरोप बंद पडतो. पाय बधिर होतो. कापसावर चालल्यासारखे वाटते. चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही. आग होणारा पाय निदान बोलतो तरी. बधिर पाय मुका असतो.

समजा, एक शेतकरी आहे. त्याचा पाय बधिर झाला आहे. बाभळीचा काटा चपलेतून आत घुसला. त्याला कळले नाही. तो दिवसभर त्याच पायावर चालला. दुसऱ्या दिवशीही चालला. आत पू झाला. साखर जास्त असली, की जखम लवकर भरत नाही. पायाला रक्त कमी पोहोचत असेल, तर आणखी कठीण. आठ दिवसांनी घरात वास येऊ लागला, तेव्हा पाय पाहिला. तोवर विष हाडापर्यंत गेले होते. मग बोट कापावे लागते. कधी पाऊल, कधी गुडघ्याखालचा पायही. काट्याने पाय जात नाही, मंडळी. न कळलेल्या काट्याने जातो.

कुष्ठरोगाची गोष्ट अशीच आहे. त्या रोग्यांची बोटे झडतात. रोगच बोटे खातो, असे लोक समजत. वेल्लोरच्या इस्पितळात डॉ. पॉल ब्रँड नावाचे शस्त्रवैद्य होते. १९४६ साली ते तेथे आले. त्यांनी बारकाईने पाहिले. या रोग्यांना वेदना कळत नाही. त्यामुळे हात भाजतो, कापतो, आणि माणूस तोच हात वापरत राहतो. बोटांचा नाश मुख्यतः त्यामुळे होतो, हे त्यांनी दाखवून दिले. वेदना ही आपली राखणदार आहे. राखणदार झोपला, तर मालकाने स्वतः जागले पाहिजे. पायाला कळत नसेल, तर डोळ्यांनी पाहिले पाहिजे.

आता उपाय सांगतो.

पहिला उपाय साखरेचा. बिघडलेली तार पूर्ववत होईल, असे वचन कोणी देऊ शकत नाही. पण साखर ताब्यात ठेवली, तर पुढचे नुकसान रोखता येते. गोळ्या किंवा इन्सुलिन चुकवू नका. जेवण मोजके आणि वेळेवर घ्या. गूळ चालतो, असे कोणी म्हणेल. चालत नाही. गुळातही साखरच आहे. उपवासाचा साबुदाणाही साखर वाढवतो. गोळी घेऊन उपाशी राहिलात, तर साखर एकदम उतरून घेरी येते. तेव्हा उपवास डॉक्टरांना विचारून करा. बिडी, तंबाखू सोडा. दारूही सोडा, कारण दारूनेही मज्जातंतू खराब होतात. दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी नावाची तपासणी करून घ्या. मागच्या तीन महिन्यांत साखर सरासरी किती होती, ते तिच्यात कळते. पुष्कळांना डॉक्टर हा आकडा ७ च्या आत ठेवायला सांगतात. म्हाताऱ्या माणसाला थोडी सूट देतात. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

दुसरा उपाय दुखण्याचा. दुकानातून अंगदुखीची गोळी आणून खाऊ नका. या आगीवर तिचा फारसा उपयोग होत नाही. रोज खाल्ली, तर मूत्रपिंडाला इजा होते. या दुखण्याच्या गोळ्या निराळ्या आहेत. प्रिगाबालिन, गॅबापेंटिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन अशी त्यांची नावे. कोणती आणि किती घ्यायची, ते डॉक्टर सांगतील. यांतली एखादी गोळी मिरगीवरही देतात. एखादी मनाच्या उदासीवर देतात. हे कानावर आले, की माणूस घाबरतो. 'मला काय वेड लागले?' म्हणून गोळी टाकून देतो. तसे करू नका. तीच गोळी तंतूंचा खोटा ओरडा कमी करते. गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला झोप येते, डोके हलके होते. म्हणून रात्री अंथरुणातून उठताना सावकाश उठा. गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका. आग पूर्ण जाईलच असे नाही. पण निम्मी झाली आणि झोप लागू लागली, तरी मोठी कमाई आहे.

आणखी एक. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी वर्षानुवर्षे घेतली, तर अंगातले बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. मांस, मासे, अंडी न खाणाऱ्यांतही ते कमी आढळते. त्यानेही पायांना मुंग्या येतात. ते तपासावे का, असे डॉक्टरांना विचारा.

काशाच्या वाटीने तूप लावून तळपाय घासतात. पायाला जखम वा भेग नसेल, तर हलक्या हाताने घासायला हरकत नाही. बरे वाटते. पण त्याने साखर उतरत नाही, हे ध्यानात असू द्या. आणि 'सात दिवसांत मुळापासून बरे करतो' म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नका.

तिसरा उपाय पायांच्या राखणीचा. त्याचे नियम पाठ करा.

रोज रात्री दिव्याखाली पाय पाहा. तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या, सगळे पाहा. वाकता येत नसेल, तर आरसा खाली ठेवा, नाहीतर सुनेला, नातवाला पाहायला सांगा. त्यात लाज कसली?

पाय रोज धुवा आणि बेचक्या कोरड्या करा. टाचांना खोबरेल लावा, बेचक्यांत लावू नका.

अनवाणी चालू नका. शेतात नको, अंगणात नको, घरातही नको. उन्हाळ्यात देवळाच्या तापल्या फरशीवर तर मुळीच नको. देव रागावणार नाही.

चप्पल घालण्यापूर्वी उलटी करून झटका. आत खडा, खिळा, विंचू असेल, तर पडेल. चप्पल मऊ तळाची आणि मागे पट्टा असलेली घ्या. बधिर पायांसाठी एमसीआर रबराच्या चपला मिळतात.

शेकोटीला, गरम विटेला, गरम पाण्याच्या पिशवीला पाय लावू नका. अंघोळीचे पाणी आधी कोपराने पाहा.

कुरूप झाले, तर पात्याने कापू नका. बिब्बा लावू नका. बिब्ब्याने कातडी भाजते, आणि बधिर पायाला ते कळत नाही.

बायांनो, पाय सुजला आणि जोडवे रुतत असेल, तर काढून ठेवा. घरात उंदीर असतील, तर त्यांचा बंदोबस्त करा. बधिर पायाचे बोट उंदराने कुरतडले, तरी जाग येत नाही.

फोड, जखम, काळा डाग, पू किंवा एकाच पावलाला सूज आणि ऊन लागणे, यांतले काही दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. 'बाजाराच्या दिवशी जाऊ' म्हणू नका. दुखत नाही म्हणून थांबू नका. दुखत नाही, हेच तर भ्यायचे कारण आहे.

वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पाय तपासून घ्या. ते एक नायलॉनचा दोरा तळपायाला टेकवतात आणि 'कळते का?' विचारतात. तुम्ही डोळे मिटून खरे सांगायचे. तपासणी एवढीच. ज्यांचे वय तिशीच्या पुढे आहे आणि ज्यांनी साखर कधी तपासली नाही, त्यांनी आशाताईंना विचारावे. सरकारी आरोग्य केंद्रांत ही तपासणी करतात.

शेवटी मास्तरांचा गृहपाठ. तुम्ही आता लिहू-वाचू लागला आहात. त्या विद्येचा उपयोग करा. एक वही घाला. तिच्यात तारीख लिहा, साखरेचा आकडा लिहा. गोळीचे नाव पाकिटावरून पाहून लिहा. रोज रात्री पाय पाहिला, की 'पाहिला' एवढा एक शब्द लिहा. डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्या. 'ती पिवळी गोळी द्या' असे सांगायची पाळी आता तुमच्यावर नाही.

पहिला धडा आज रात्रीच लिहायचा आहे. घरी गेलात, की दिवा लावा आणि पाय पाहा.