नकाशावर नसलेली माणसे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



आरोग्याचा प्रश्न आपण बहुधा डॉक्टर, औषधे आणि अंदाजपत्रक यांच्या भाषेत मांडतो. आज तो मी जागेच्या भाषेत मांडणार आहे. माणूस कोठे राहतो, पाणी कोठून आणतो आणि दवाखान्यापर्यंत त्याला किती चालावे लागते, यावर त्याचे जगणे-मरणे पुष्कळदा ठरते.

१८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीने सहाशेहून अधिक माणसे दगावली. दूषित हवेने रोग पसरतो, अशी त्या काळच्या बहुतेक विद्वानांची समजूत होती. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू घरांनुसार मोजून ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाकडे बोट दाखवले, आणि ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. त्यांचा नकाशा पुढे जगभर गाजला. त्याच वस्तीतील तरुण धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांचे नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे. आरंभी त्यांना स्नो यांचे म्हणणे पटले नव्हते. पण घराघरांत ओळख असल्यामुळे विचारपूस करता करता त्यांनीच मूळ शोधले : पंपालगतच्या घरात एक तान्हे मूल आजारी होते, आणि त्याचे कपडे धुतलेले पाणी ज्या शोषखड्ड्यात टाकले जाई, तो विहिरीला खेटून होता. नकाशाने जागा दाखवली; कारण शोधले ते वस्तीत वावरणाऱ्या माणसाने.

आज नकाशा ही सरकारी कचेरीची मिरासदारी राहिलेली नाही. २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’वर कोणीही इंटरनेटद्वारे रस्ता, विहीर, दवाखाना नोंदवू शकतो आणि तो नकाशा विनामूल्य वापरू शकतो. नैरोबीतील किबेरा ही प्रचंड झोपडवस्ती नकाशांत जवळजवळ कोरी होती. २००९ साली तेथील तरुणांनी गल्लीबोळ पालथे घालून पाणवठे, शौचालये, दवाखाने नोंदवले. जी वस्ती नकाशावर नाही ती योजनेत नसते, आणि जी योजनेत नाही तिच्यासाठी तरतूदही नसते. म्हणून कोऱ्या जागेवर वस्ती उमटवणे हे राजकीय काम आहे.

आपल्याकडे आरोग्य उपकेंद्राचा निकष मुख्यतः लोकसंख्येचा आहे : सपाटीवर ५,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात ३,०००. कागदावर हा आकडा जुळतो. परंतु ओढ्यापलीकडच्या पाड्याला पावसाळ्यात उपकेंद्र किती दूर पडते, हे आकडा सांगत नाही. पाडे, पायवाटा, पाण्याखाली जाणारे साकव आणि पाणवठे नकाशावर आणले, तर चालण्याचा वेळ मोजता येतो. मग ‘आम्हांला उपकेंद्र द्या’ ही विनवणी उरत नाही. तो पुराव्यानिशी केलेला दावा ठरतो.

दोन पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. पहिले : रुग्णाचे घर उघड्या नकाशावर कधीही दाखवू नये. २०२० च्या साथीत काही ठिकाणी रुग्णांच्या दारांवर फलक लागले आणि शेजारी त्यांच्याकडे संशयाने पाहू लागले. पाणवठा नोंदवा, माणूस नोंदवू नका. दुसरे : केवळ मोबाइल बाळगणाऱ्या तरुणांना विचारून काढलेला नकाशा अपुराच राहील. कोणती विहीर केव्हा आटते हे पाणी भरणारी बाई जाणते. कोणत्या घरची बाळंतीण झोळीतून न्यावी लागली हे आशाताई जाणतात. त्यांच्याशी बोलल्यावाचून नकाशा पुरा मानू नका.

आणि नकाशा पुरा झाला म्हणजे काम संपले, असेही समजू नका. तो ग्रामसभेत भिंतीवर लावा, ठराव करून घ्या, आरोग्य अधिकाऱ्यांपुढे ठेवा, आणि पुढच्या पावसाळ्याआधी काय बदलले ते त्याच नकाशावर तपासा. स्नो यांच्या नोंदींनी एकही माणूस वाचला नसता. दांडा काढावा लागला, आणि तो काढायला सत्तेला भाग पाडावे लागले. ते काम यंत्र करीत नाही, मित्रहो. ते आपले आहे.