मांजर ‘मला बरं नाही’ असं सांगत नाही

कानात इअरफोन आणि मांडीवर मांजर, असे ऐकणारे तुमच्यात बरेच असणार. आजचा भाग खास तुमच्यासाठी.

कुत्र्याला दुखलं की तो कुरकुरतो, जवळ येतो. मांजर मात्र दुखणं लपवतं. ते स्वतः शिकारी असलं तरी मोठ्या जनावरांचं भक्ष्यही असतं, म्हणून अशक्तपणा दाखवणं त्याला परवडत नाही. मग आपण काय करायचं? आजार शोधायचा नाही, बदल शोधायचा.

पहिला बदल जेवणात. मांजराने पूर्ण एक दिवस काही खाल्लं नाही, तर ‘नखरे करतंय’ म्हणून सोडून देऊ नका. उपाशी राहिलं की अंगातली चरबी लिव्हरमध्ये साठायला लागते, आणि जाड मांजरांना हा धोका जास्त. उलट म्हातारं मांजर अचानक खूप पाणी प्यायला लागलं, तर किडनी आणि शुगर तपासून घ्या.

दुसरा, अंग चाटणं. केस विस्कटलेले, गुंता झालेला, म्हणजे त्याला बरं वाटत नाहीये किंवा वाकताना दुखतंय.

तिसरा, श्वास. गाढ झोपलेलं असताना मोबाइलवर टायमर लावा आणि पोट किती वेळा वर-खाली होतं ते मिनिटभर मोजा. साधारण 30च्या आत हवं. तोंड उघडं ठेवून धापा टाकत असेल, तर मोजत बसू नका, थेट डॉक्टर.

आणि चौथा, लिटर बॉक्स. गेल्या पावसाळ्यात आमचा बोका, गोट्या, रात्री सारखा तिथे जाऊन बसायला लागला. आई म्हणाली, “पोट साफ होत नसेल गं, सकाळी बघू.” मी वाळू चाळली, तर कोरडी ठणठणीत. जोर करतोय, ओरडतोय, पण थेंब नाही. बोक्यांची लघवीची नळी अरुंद असते. बारीक खड्यांनी ती तुंबते. मग रक्तात पोटॅशियम वाढतं, हृदय बिघडतं, आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. आम्ही तशीच रिक्षा केली. डॉक्टरांनी भूल देऊन नळी मोकळी केली, तीन दिवस ठेवून घेतलं. “सकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं,” ते म्हणाले. आई तेव्हापासून रोज वाळू स्वतः बघते!

एक गोष्ट मात्र कधीच करू नका: माणसांची गोळी देणं. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

आता हा भाग संपला की दोन कामं करा. मांजराला उचलून वजनकाट्यावर उभे राहा, त्यातून तुमचं वजन वजा करा आणि आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवा. दर महिन्याला हेच. आणि रात्री उघडा असणारा जवळचा प्राण्यांचा दवाखाना शोधून नंबर आजच सेव्ह करा. गरज पडते तेव्हा शोधायला वेळ नसतो.

चला, भेटू पुढच्या भागात. तुमच्या माऊला माझ्याकडून एक गोंजारणं!