जनुकांची घडी

वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक मधुसूदन कानुनगो यांनी वय वाढताना जनुकांचं काय होतं, याचा आयुष्यभर शोध घेतला. १९७९ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेनं वेगवेगळ्या वयाच्या उंदरांच्या मेंदूतल्या हिस्टोन प्रथिनांवर पॉलिअमाइन नावाच्या रेणूंचा परिणाम तपासला. डीएनए या हिस्टोनभोवतीच गुंडाळलेला असतो.

डीएनएवर ऋण विद्युतभार असतो, तर स्पर्मिन या पॉलिअमाइनच्या एवढ्याशा रेणूवर चार धनभार. साहजिकच तो डीएनएला बिलगतो आणि त्याची घडी घट्ट करतो. घट्ट घडीतल्या जनुकाची आरएनए-प्रत निघणं अवघड. पण हे पॉलिअमाइन एकमार्गी नाहीत, हेच मला रंजक वाटतं. हिस्टोनवर अ‍ॅसिटिल गट चढवणाऱ्या विकरांवरही त्यांचा प्रभाव पडतो. ते गट चढले, की घडी सैलावते आणि प्रत निघू लागते. पॉलिअमाइनचे रेणू आपल्या पेशींमध्येच तयार होतात. सोयाबीनमधूनही ते मिळतात.