मोठ्या रंगभूमीचा ‘छोटा माणूस’

(रत्नागिरी येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



रत्नागिरीला नाटकाची महती वेगळी सांगावी लागत नाही. १९२४ ते १९३७ या स्थानबद्धतेच्या काळात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी याच नगरीत अस्पृश्यता निर्मूलनाचे कार्य उभे केले. तो विचार सामान्य जनांच्या हृदयापर्यंत पोहोचावा म्हणून त्यांनी ‘संगीत उःशाप’ लिहिले आणि १९२७ मध्ये ते रंगभूमीवर आले. रंगभूमी हे केवळ करमणुकीचे साधन नाही, हा संस्कार या मातीत तेव्हापासून रुजलेला आहे.

याच जिल्ह्यातील गुहागर येथे ३ मे १९३६ रोजी आणखी एका सावरकरांचा जन्म झाला. ते म्हणजे ज्येष्ठ अभिनेते जयंत सावरकर. २४ जुलै २०२३ रोजी ठाण्यात वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. सहा दशकांहून अधिक काळ त्यांनी रंगदेवतेची सेवा केली. शंभराहून अधिक नाटके आणि अनेक चित्रपट व मालिका त्यांच्या नावावर आहेत. तरीही नायकाची झूल त्यांनी क्वचितच पांघरली. आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले, ‘मी एक छोटा माणूस’!

या छोटेपणाचे मोल समजून घ्यायचे, तर त्यांचा तळीराम आठवावा. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ची शोकांतिका सुधाकर आणि सिंधू यांची, परंतु तो पहिला प्याला सुधाकराच्या हाती देतो तळीराम. ‘आर्यमदिरामंडळा’च्या प्रवेशांत प्रेक्षागृह हास्याने दुमदुमते आणि त्याच हास्याआडून एका सोन्यासारख्या संसाराची राखरांगोळी सुरू होते. तळीराम नुसताच विनोदी झाला, तर नाटक पोकळ होते. नुसताच दुष्ट झाला, तर सुधाकराचे घसरणे खरे वाटत नाही. हा तोल सावरकरांनी सांभाळला, म्हणूनच त्यांचा तळीराम रसिकांच्या स्मरणात राहिला. ज्येष्ठ नट मामा पेंडसे हे त्यांचे सासरे. घरीही रंगभूमीच होती.

पु. ल. देशपांडे यांचा अंतू बर्वा तर रत्नागिरीचाच. ‘व्यक्ती आणि वल्ली’ रंगमंचावर आले, तेव्हा ही भूमिका गुहागरच्या या सुपुत्राकडे आली. तिरकस बोलण्याखाली दडलेला ओलावा आणि दारिद्र्यातही न वाकणारा ताठा कोकणी माणसाला शिकवावा लागत नाही. पुढे ‘वास्तव’ (१९९९), ‘सिंघम’ (२०११) यांसारख्या हिंदी चित्रपटांतूनही ते दिसले. तेथे वाट्याला येई एखाददुसरा प्रसंग. पण काम किती मोठे, हे त्यांनी मोजले नाही. ते किती नेटके, एवढेच पाहिले.

साहाय्यक नटाचे जीवन सोपे नसते. जाहिरातीत त्याचे नाव बारीक अक्षरांत असते, मानधनही बेताचेच. रस्त्यात लोक चेहरा ओळखतात, नाव मात्र आठवत नाही. तरी तिसरी घंटा झाली की त्याला उभे राहावेच लागते. त्याचे एक वाक्य चुकले, तर नायकाचा सारा प्रवेश कोसळतो. अशा आयुष्याचा गौरव रंगभूमीनेही केला. २०१७ मध्ये उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथे झालेल्या सत्त्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद या ‘छोट्या माणसा’ला लाभले.

आज घराघरांतून मुलांना पहिला क्रमांक मिळवायला शिकवले जाते. ते योग्यच आहे. परंतु दुसऱ्या, दहाव्या क्रमांकाचे कामही जीव ओतून करावे, हे त्यांना कोण शिकवणार? सतरंज्या उचलणाऱ्या, निरोप पोहोचवणाऱ्या, छायाचित्रात कधीच न दिसणाऱ्या कार्यकर्त्यांच्या बळावरच संघटना उभी राहते. मंदिराचा कळस दुरून दिसतो. त्याचा भार मात्र पायाचे दगड वाहतात.

यापुढे नाटकाला जाल, तेव्हा मुलांना सोबत न्या. परतताना त्यांना नायकाचे नाव विचारू नका. सर्वांत लहान काम कोणी केले आणि ते कसे केले, हे विचारा. जयंत सावरकरांना तीच खरी आदरांजली ठरेल.