मोडलेल्या बँडांचा हिशेब

(जुबिलीनिमित्त सभागृहांत जमलेल्या मंडळींपुढें धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



जुबिलीच्या स्मरणिकेसाठीं आपल्या धर्मग्रामांतील संस्थांची यादी करावयास आम्ही बसलों, तेव्हां काम सोपें वाटलें. गायनवृंद, महिलामंडळ, तरुणसंघ, व्हिन्सेंट डी पॉल सभा अशीं नांवें भराभर लिहिलीं गेलीं. इतक्यांत सभागृहाचा माळा साफ करणाऱ्या मुलांनीं एक फाटलेला ड्रम, तारा तुटलेली गिटार व एक लांकडी फलक खालीं आणला. फलकावर एका बँडाचें नांव रंगविलेलें होतें. तें खोडून दुसऱ्याचें, आणि तेंहि खोडून तिसऱ्याचें. यादी करणाऱ्यांपैकीं एक वडीलधारे सद्गृहस्थ हंसून म्हणाले, "फादर, हें यादींत नको. हें सारें बुडीत खातें."

तो शब्द माझ्या मनांतून जाईना. म्हणून या बुडीत खात्याचाच हिशेब आज आपणांपुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे. त्यासाठीं, ज्याची प्रत्येक नोंद जगानें बारकाईनें तपासली आहे, असें एक उदाहरण घेऊं.

इंग्लंडांत लिव्हरपूल शहराच्या वूल्टन भागांत सेंट पीटर्स नांवाचें चर्च आहे. तें आपल्या कॅथलिक पंथाचें नव्हे, अँग्लिकन पंथाचें आहे. त्याच्या गायनवृंदांत जॉन लेनन नांवाचा मुलगा लहानपणीं गात असे. १९५६ सालीं लॉनी डोनेगन यांच्या एका गीतानें इंग्लंडांतील मुलांना वेड लाविलें. 'स्किफल' नांवाच्या त्या संगीतास पैसा फारसा लागत नसे, व शिक्षणहि लागत नसे. एक स्वस्त गिटार, आईचा कपडे घासण्याचा खांचांचा पत्रा, तो वाजविण्यास बोटांत अंगुस्तानें, आणि चहाच्या रिकाम्या लांकडी पेटीस दांडा व दोरी लावून केलेलें खर्जाचें वाद्य, एवढ्यावर बँड उभा राही. लेनननें शाळेंतील सोबत्यांस घेऊन असाच एक बँड काढिला. पहिलें नांव ब्लॅकजॅक्स. तें थोडे दिवसच टिकलें. मग शाळेच्या नांवावरून क्वारीमेन हें नांव घेतलें. गिटारवर तो बँजोचे स्वर धरी, कारण आईनें त्याला तेच शिकविले होते.

६ जुलै १९५७ रोजीं, शनिवारीं, त्या चर्चची उन्हाळी जत्रा होती. मिरवणूक निघाली, 'गुलाबराणी'स मुकुट घातला गेला, आणि हीं पोरें लॉरीवर बसून वाजवीत फिरलीं. दुपारीं मैदानांत गातांना लेननला एका गीताचे शब्द आठवेनात. तेव्हां तो मनानें शब्द रचून गाऊं लागला. नंतर चर्चच्या सभागृहांत एका सोबत्यानें त्याची व आपल्या मित्राची गांठ घालून दिली. तो मित्र म्हणजे पॉल मॅकार्टनी, वय वर्षें १५. त्याचा बाप्तिस्मा कॅथलिक होता, आणि आई वारून अजून वर्षहि झालें नव्हतें. त्यानें गिटार सुरांत लाविली व एक सबंध गीत पाठ म्हणून दाखविलें. कांहीं आठवड्यांनीं त्यास बँडांत घेण्यांत आलें.

ही जमेची बाजू झाली. आतां खर्चाची पाहा. पत्रा वाजविणारा पीट शॉटन याच्या डोक्यावर लेनननें तोच पत्रा आपटून मोडिला, आणि त्याचें वादन तेथेंच संपलें. बँजो वाजविणारा रॉड डेव्हिस बाहेर पडला. पेटी वाजविणारा लेन गॅरी मेंदुज्वरानें कित्येक महिने रुग्णालयांत पडून राहिला. जॉर्ज हॅरिसन आल्यावर एरिक ग्रिफिथ्स याला जागा उरली नाहीं. तो व्यापारी जहाजावर नोकरीस गेला. जुलै १९५८ मध्यें १७ शिलिंग ६ पेन्स खर्चून त्यांनीं दोन गीतांची एकच तबकडी करून घेतली. पांच जणांत एक तबकडी. ती प्रत्येकानें पाळीपाळीनें घरीं न्यावी असें ठरलें. पियानो वाजविणाऱ्याच्या घरीं ती गेली, आणि वीस वर्षांहून अधिक काळ तेथेंच राहिली. त्याच महिन्यांत लेननची आई मोटारीखालीं सांपडून मरण पावली. १९५९ च्या आरंभीं ड्रम वाजविणारा कॉलिन हॅन्टन बसमध्यें भांडण होऊन उतरला, तो परतलाच नाहीं. हॅरिसन दुसऱ्या एका बँडांत वाजवूं लागला.

पुढें उरलेले तिघे 'जॉनी अँड द मूनडॉग्ज' या नांवानें एका स्पर्धेंत उतरले. मँचेस्टरच्या फेरींत शेवटचा निवाडा होण्याआधींच त्यांना घरची गाडी गांठावी लागली, कारण रात्रीं राहण्यास पैसे नव्हते. एप्रिल १९६० मध्यें लेनन व मॅकार्टनी यांनीं एका नातेवाइकांच्या पबमध्यें 'नर्क ट्विन्स' या नांवानें वादन केलें. आपल्या कानांस तें नांव भलतेंच लागेल. पण तें दोनच दिवस टिकलें. त्याच वर्षींच्या ऑगस्टांत 'बीटल्स' हें नांव कायम झालें. पुढचें जगास ठाऊक आहे. जत्रेच्या दिवशीं एका तरुणानें केलेली त्या पोरांच्या गाण्याची ध्वनिफीत १९९४ सालीं लिलांवांत ७८,५०० पौंडांस गेली.

एवढ्यावरच थांबलों तर मीं आपणांस फसविल्यासारखें होईल. "पोरांना वाजवूं द्या, न जाणो एखादा मोठा होईल," हा सोडतीचें तिकीट घेण्याचा न्याय झाला. त्या काळीं इंग्लंडांत असे हजारों बँड निघाले आणि मोडले; त्यांचीं नांवेंहि कोणास ठाऊक नाहींत. म्हणून मला त्या तिघांपेक्षां मागें राहिलेल्यांविषयीं बोलावयाचें आहे. कॉलिन हॅन्टन खुर्च्या-कोचांना गाद्या शिवण्याच्या धंद्यांत रमला. बाकीचेहि आपापल्या पोटापाण्यास लागले. पण १९९७ सालीं, त्या जत्रेस चाळीस वर्षें पूर्ण झालीं तेव्हां, शॉटन, डेव्हिस, गॅरी, ग्रिफिथ्स व हॅन्टन हे पांचहि जण वूल्टनला जमले आणि पुन्हां वाजविलें. ज्याच्या डोक्यावर पत्रा मोडला तो, ज्याची जागा गेली तो, जो बसमधून उतरला तो, असे सारे. त्यानंतरहि त्यांचें वादन चालू राहिलें. ग्रिफिथ्स २००५ मध्यें व शॉटन २०१७ मध्यें वारले. हें कोणत्या खात्यांत लिहावयाचें?

बंधुभगिनींनो, हा प्रश्न मी इतरांस विचारीत नाहीं. सुमारें वीस वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका धर्मग्रामांत होतों. तेथील मुलांचा बँड तिसऱ्यांदा मोडला, भांडणाचा आवाज मिस्सेला आलेल्या मंडळींच्या कानीं गेला, आणि तक्रार माझ्याकडे आली. मीं सभागृहास कुलूप लाविलें व मुलांस सांगितलें, "आधीं सहा महिने एकत्र टिकून दाखवा, मग किल्ली मागा." त्यांच्यांतील मोठ्या मुलानें आपल्याजवळची किल्ली निमूटपणें माझ्या मेजावर ठेविली. तो रविवारीं मिस्सेंत ऑर्गन वाजवीत असे. त्या दिवसापासून तेंहि त्यानें सोडलें. मला तेव्हां माझ्या शिस्तीचा अभिमान वाटला.

कांहीं वर्षांनीं एका अंत्यविधीस तो मला भेटला. आखातांतून रजेवर आला होता. रागाचा लवलेश न ठेवतां तो म्हणाला, "फादर, आम्ही भांडत होतों हें खरें. पण समेटहि त्याच खोलींत करीत होतों. खोली गेल्यावर नुसतें भांडण उरलें." मला उत्तर सुचलें नाहीं. आजहि सुचत नाहीं. सेमिनरींत मीं ऑर्गन शिकलों, स्वरलेखन शिकलों. पण ही गोष्ट मला त्या मुलानें शिकविली.

पांच भाकरींच्या चमत्कारानंतर प्रभूनें शिष्यांकडून उरलेले तुकडे गोळा करविले. लोक तर तृप्त झाले होते, आणि तुकड्यांची कोणासहि गरज नव्हती. तरी बारा टोपल्या भरल्या. प्रभूच्या घरीं बुडीत खातें नसतें, हें मला त्या टोपल्यांवरून कळतें.

म्हणून दोन गोष्टी ठरविल्या आहेत. या स्मरणिकेंत त्या फलकावरील तिन्ही नांवें छापलीं जातील. फलक पुसला जाणार नाहीं. आणि सभागृहाची एक किल्ली तरुणसंघाच्या स्वाधीन राहील. रात्रीं नऊ वाजतां वादन थांबवावें, खुर्च्या जागच्या जागीं ठेवाव्या, व भांडण झाल्यास कोणीहि किल्ली घेऊन घरीं जाऊं नये, एवढ्याच अटी. नवा बँड सहा आठवडे टिकला तरी मला समाधान आहे. मोडला तर दुसऱ्या शुक्रवारीं दार पुन्हां उघडें असेल. वडीलधाऱ्यांस माझी विनंती इतकीच कीं, आवाज असह्य झाला तर त्यांनीं माझ्याकडे जरूर यावें. मी ऐकून घेईन, पण कुलूप मागूं नये.

आणि तो मुलगा, जो आतां मुलगा राहिला नाहीं, त्यास ही स्मरणिका पाठविण्याचें मीं मनांत ठेविलें आहे.

परमेश्वर आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.