दुरून ओळखू यावं म्हणून

आज उपयोजित कलेची पदवी घेणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

गेटवेहून मांडव्याला जाताना, नाहीतर गोव्यात, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तटरक्षक दलाचं जहाज पाहिलं असेल. पांढरंशुभ्र अंग आणि त्यावर निळा तिरपा पट्टा. शेजारी नौदलाचं करडं जहाज उभं असलं तरी लहान मूलही दोन्हींत गल्लत करत नाही. असा तिरपा पट्टा आज जगातल्या कितीतरी देशांच्या तटरक्षक जहाजांवर दिसतो. त्याची सुरुवात तुमच्या-माझ्या क्षेत्रातल्या माणसांनी कागदावर केली, म्हणून त्याची गोष्ट मी आज निवडली आहे.

समुद्रावर सरकारी जहाज वेगळं ओळखू येण्याची गरज फार जुनी आहे. जकात चुकवणारं जहाज थांबवायचं, तर थांबवणारा चाचा नाही, सरकारचा माणूस आहे, हे समोरच्याला दुरून कळायला हवं. अमेरिकेत 1799 साली अर्थमंत्री ऑलिव्हर वोल्कॉट यांनी जकात खात्याच्या जहाजांसाठी स्वतंत्र निशाण ठरवलं. त्यावर तांबडे-पांढरे 16 पट्टे होते, कारण तेव्हा राज्यं 16 होती. राष्ट्रध्वजाचे पट्टे आडवे, म्हणून हे उभे. एवढ्या एका बदलाने काम झालं. ते निशाण थोड्याफार फेरफारांसह तिथलं तटरक्षक दल अजून वापरतं.

पण निशाण कापडाचं असतं. वारा पडला की ते काठीला चिकटून राहतं. 1960च्या सुमारास या दलाकडे पांढरी गस्ती जहाजं होती, काळ्या अंगाची बोया टाकणारी जहाजं होती, बर्फ फोडणारी जहाजं होती, विमानं, छोट्या होड्या आणि किनाऱ्यावरची ठाणी होती. ही सगळी एकाच घरची आहेत, हे सांगणारी एकही ठळक खूण त्यांच्यावर नव्हती.

त्याच काळात राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विमानाला नवं रूप देण्याचं काम रेमंड लोवी यांनी केलं होतं. पॅरिसला जन्मलेला हा माणूस अमेरिकेत जाऊन औद्योगिक डिझाइनच्या व्यवसायाचा एक मोठा आधारस्तंभ झाला. मोटारींपासून सिगारेटच्या पाकिटापर्यंत त्यांनी हात लावला नाही अशी वस्तू शोधावी लागेल. सरकारी खात्यांचं दृश्य रूप सुधारण्याविषयी 1963 मध्ये लोवी आणि केनेडी यांचं बोलणं झालं, आणि त्यातून तटरक्षक दलाचं नाव पुढे आलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केनेडींची हत्या झाली. काम मात्र थांबलं नाही. 1964 च्या जानेवारीत लोवी आणि विल्यम स्नेथ यांच्या संस्थेला 90 दिवसांचा अभ्यास करायला सांगण्यात आलं.

त्यातून जे निघालं ते नीट पाहा. एक रुंद तांबडा पट्टा, त्याला लागून पांढरी चिंचोळी फट, मग अरुंद निळा पट्टा. सगळं 64 अंशांत कललेलं. तांबड्याच्या मधोमध दलाचं सोपं करून घेतलेलं बोधचिन्ह. बस. मोठ्या जहाजापासून होडीपर्यंत, विमानापासून ठाण्यापर्यंत, कुठेही हे बसतं. पट्टा तिरपा का, हे जहाजाकडे पाहिलं की डोळ्यांना पटतं. पाण्याची रेघ आडवी, डेक आडवं, डोलकाठ्या उभ्या. या सगळ्या आडव्या-उभ्यात तिरपी रेघ एकटी पडते, म्हणून नजर तिच्यावरच जाते.

आता एक गोष्ट तुम्ही करून बघावी अशी आहे. कागदावर सरळ दिसणारी तिरपी रेघ जहाजाच्या पुढच्या अंगावर उतरवायला जा. ते अंग सपाट नसतं. खाली निमुळतं, वर बाहेर फाकलेलं. तिथे पट्टीने सरळ आखलेली रेघ बाजूने पाहिली की वाकलेली दिसते. म्हणून रंगारी लांब उभ्या असलेल्या माणसाच्या इशाऱ्याने दोरी हलवत राहतो, खडूने टिंबं मारतो, टेप लावतो आणि मगच ब्रश उचलतो. पुढे खारं पाणी आहेच. गंज चढतो, तो खरवडायचा, अस्तर द्यायचं, पुन्हा तोच कोन, तीच रुंदी. लोवींचं नाव पुस्तकात राहिलं. ही रेघ जिवंत ठेवणाऱ्या गोदीतल्या रंगाऱ्यांची नावं कुठेच नाहीत. पण तुमच्या कामाचं भवितव्य अशाच हातांत असणार आहे. त्यांना न विचारता काही आखू नका, ही माझी मनापासूनची विनंती आहे.

पट्टा आधी फ्लोरिडात ‘डिलिजन्स’सारख्या थोड्या जहाजांवर रंगवून पाहिला आणि 6 एप्रिल 1967 रोजी साऱ्या दलाला लागू झाला. विरोध झालाच. ‘ईगल’ हे तिथलं शिडांचं प्रशिक्षण जहाज 1936 साली जर्मनीत बांधलेलं, युद्धानंतर अमेरिकेकडे आलेलं. त्याच्या देखण्या अंगावर पट्टा मारायचा म्हणजे जुन्या दर्यावर्दींना अत्याचारच वाटला. 1976 साली, देशाच्या द्विशताब्दीला, त्यावरही तो चढला. आज पट्ट्याविना ‘ईगल’ची कल्पना करवत नाही.

त्याच 1960च्या दशकातली आणखी एक गोष्ट मला पट्ट्याइतकीच महत्त्वाची वाटते. 20 जानेवारी 1961 ला शपथविधीच्या संचलनात तटरक्षक अकादमीची तुकडी समोरून गेली आणि तिच्यात एकही कृष्णवर्णीय छात्र नाही, हे केनेडींच्या नजरेत आलं. त्यांनी लगेच विचारणा केली. 1966 मध्ये मर्ल स्मिथ हे त्या अकादमीचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर झाले. अधिकारीपदाचं नियुक्तीपत्र त्यांच्या हाती दिलं ते त्यांच्या वडिलांनी, जे स्वतः सैन्यात कर्नल होते. दलाच्या अंगावर पट्टा चढत होता त्याच सुमारास दलाचा चेहराही बदलायला लागला होता, आणि दुसरं काम पहिल्याहून कितीतरी अवघड होतं.

आपल्याकडे 1970च्या दशकात पश्चिम किनाऱ्यावर सोन्याची, घड्याळांची, कापडाची तस्करी जोरात होती. मुंबईजवळच्या समुद्रात तेल सापडलं होतं. तेव्हा या सगळ्याचा विचार करायला नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते के. एफ. रुस्तमजी, आपल्या नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले. त्यांनी नौदलाहून वेगळ्या दलाची शिफारस केली. 1 फेब्रुवारी 1977 ला ते दल उभं राहिलं, 1978 मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला. पुढे त्याच्यासाठी माझगाव गोदीत ‘विक्रम’ हे जहाज बांधलं गेलं, वास्कोच्या गोदीत ‘समर्थ’. वादळात इंजिन बंद पडलेल्या ट्रॉलरवरच्या तांडेलाला तो पांढरा रंग आणि तो पट्टा दिसला की काय वाटतं, हे हर्णैला किंवा मालवणला जाऊन विचारा.

पण तोच पट्टा धाकही घालू शकतो. चिनी तटरक्षक दलाच्या पांढऱ्या जहाजांवरही तिरपे तांबडे-निळे पट्टे आहेत, आणि ऑगस्ट 2023 मध्ये त्याच जहाजांनी दक्षिण चीन समुद्रात फिलिपाइन्सच्या बोटींवर पाण्याचे जोरदार फवारे मारले. फिलिपिनो मच्छीमाराला त्या पट्ट्याकडे पाहून हायसं वाटत नाही.

आणि खूण चोरताही येते. 2008 च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला करणारे आले ते ‘कुबेर’ नावाच्या पोरबंदरच्या मासेमारी बोटीतून. बांधणी इथली, नोंदणी इथली. समुद्रातच ती ताब्यात घेतली आणि आधी खलाशांना, मग तांडेलाला ठार मारलं. बाहेरून पाहणाऱ्याला ती आपलीच बोट होती. त्यानंतर किनारी सुरक्षेत तटरक्षक दलाची जबाबदारी वाढली, आणि मासेमारी बोटींना राज्यागणिक वेगळे रंग व ठळक क्रमांक देण्याचं काम सुरू झालं.

ते काम अजून आपल्या क्षेत्राची वाट पाहतं आहे. बोटीवरचा क्रमांक हेलिकॉप्टरमधून वाचता यायला हवा, रात्री दिव्याच्या झोतात दिसायला हवा, ऊन आणि खार सोसायला हवा, आणि तो लिहिणाऱ्याला परवडायलाही हवा. मालकाच्या आवडीची नक्षी, देवाचं नाव, बायको-पोरींची नावं, हे सगळं पुसून टाकून ते करायचं नाही. त्यातच ते बसवायचं आहे. दर वर्षी 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात, रंगकाम तेव्हाच चालतं. येत्या पावसाळ्यात तुमच्यापैकी चार-पाच जणांनी वह्या घेऊन वर्सोव्याला जावं, हर्णैला जावं, साखरी नाट्याला जावं. रंगवणाऱ्या माणसाच्या शेजारी बसावं, त्याची हरकत नसेल तर ब्रश हातात घ्यावा. तुम्ही काय काढून आणता ते पाहायला मी उत्सुक आहे.